टॅलीतला एक्सएमएल उलगडताना: प्रत्येक रकमेचा बाप विचारा

मी इचलकरंजीत सुताच्या व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिते. वह्या म्हणजे आता टॅली. प्रोग्रॅमिंग माझं क्षेत्र नाही. पुण्यात कॉम्प्युटरवाला असलेल्या भाच्याने रात्री फोनवरून ओळ न् ओळ सांगितली आणि मी ती इकडे टंकली. "मावशी, फॉर म्हण. फॉर व्हाउचर इन मूळ डॉट इटर. आता कंस उघड." त्यामुळे कोड माझ्या वहीत आजही उच्चाराप्रमाणे, देवनागरीतच उतरलेला आहे. इथेही तसाच लिहिते. एक्सएमएल म्हणजे कोनी कंसांतल्या नावांच्या, म्हणजे टॅगांच्या, डब्यांत ठेवलेली माहिती. तुम्ही टंकताना पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे शब्द, टॅलीचे टॅग आणि तिचे ठरलेले शब्द रोमनमध्ये टंका. टॅग सगळे मोठ्या लिपीत असतात.

हे शिकायची वेळ आली २०२४ च्या मार्चमध्ये. आयकर कायद्यातलं ४३बी(एच) तेव्हा पहिल्यांदाच लागू होत होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. प्रत्येक पेढीचा एकच प्रश्न: "ताई, कुणाचं बिल अडकलंय?" टॅलीत देणी दाखवणारा रिपोर्ट आहेच, नाही असं नाही. पण माझ्याकडे अकरा कंपन्या, आणि कुठल्या पार्टीकडे उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी) नोंदणी आहे ती यादी माझ्या वेगळ्या फाइलमध्ये. अकरा वेळा पडदा बघून हाताने टिकमार्क करण्यापेक्षा टॅलीलाच माहिती विचारायची आणि दोन्ही याद्या कोडने जुळवायच्या, असं ठरलं.

टॅली हा स्वतःच एक छोटा वेब सर्व्हर होऊ शकतो, हे बऱ्याच हिशेबनिसांना माहीत नसतं. टॅलीप्राइममध्ये एफ१, सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी असं जा आणि क्लायंट-सर्व्हरच्या रकान्यात 'बोथ' निवडा. पोर्ट ९००० असतो, तो तसाच राहू द्या. टॅली बंद करून पुन्हा उघडा, कंपनी उघडा आणि त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ९००० टाका. सर्व्हर चालू असल्याची एक ओळ दिसली की दार उघडलं. हे दार ऑफिसातल्या ऑफिसातच ठेवा; राउटरवरून बाहेरच्या जगाला उघडू नका. आणि याच दारातून माहिती आतही जाते, म्हणजे व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी) टाकताही येतात. सरावासाठी कंपनीचा बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून त्या नकलेवर काम करा.

माहिती मागायची तीही एक्सएमएलमध्येच. एन्व्हलप नावाचं पाकीट, त्यात हेडर आणि बॉडी. हेडरमध्ये 'एक्सपोर्ट', प्रकार 'डेटा', रिपोर्टचं नाव 'डे बुक', म्हणजे आपली रोजकीर्द. बॉडीत कंपनीचं नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि उत्तर एक्सएमएलमध्ये हवंय हे सांगणारी ओळ. तारीख सलग आठ आकडी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १ एप्रिल २०२३ म्हणजे २०२३०४०१. हे पाकीट पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीतून पोस्ट करायचं.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला कंपनीच्या नावाचा. आमच्याकडे निम्म्या पेढ्यांच्या नावात 'अँड सन्स', 'अँड कंपनी'चं ते & चिन्ह असतं. एक्सएमएलमध्ये हे चिन्ह नुसतं लिहायचं नसतं; त्याच्यापुढे 'एएमपी' ही अक्षरं आणि अर्धविराम जोडावा लागतो. एका पेढीचं उत्तर का येत नाही म्हणून मी अख्खी दुपार घालवली होती, आणि दोष या एका चिन्हाचा होता. दुसरा खड्डा असा की कंपनीचं नाव चुकलं तरी जोडणी यशस्वीच दिसते. चूक उत्तराच्या पोटात 'लाइनएरर' नावाच्या टॅगमध्ये असते. तेव्हा उत्तर हातात आलं की आधी त्यात हा शब्द शोधा. सापडला तर तो मजकूर छापून थांबा.

आता उत्तर वाचायचं. रिक्वेस्ट्सने दिलेला 'टेक्स्ट' सरळ घेऊ नका. सर्व्हरने अक्षरांची पद्धत सांगितली नसेल तर ही लायब्ररी जुनी पाश्चात्त्य पद्धत गृहीत धरते, आणि 'जयसिंगपूर'च्या जागी टोप्या घातलेल्या अक्षरांची रांग दिसते. मागणीच्या हेडरमध्ये यूटीएफ-८ (देवनागरीही सांभाळणारी अक्षरांची पद्धत) असं स्पष्ट लिहा आणि उत्तराचे कच्चे बाइट म्हणजे 'कंटेंट' घेऊन ते स्वतः यूटीएफ-८ ने उलगडा. (टॅलीतून हाताने एक्सपोर्ट केलेली फाइल मात्र मला यूटीएफ-१६ मध्ये मिळाली होती. फाइल वाचत असाल तर ती शक्यता आधी तपासा.)

पार्सरला, म्हणजे एक्सएमएल उलगडणाऱ्या कोडला, देण्याआधी आणखी एक झाडू मारावा लागतो. टॅली आपल्या स्वतःच्या ठरलेल्या शब्दांपुढे, म्हणजे 'प्रायमरी', 'नॉट अॅप्लिकेबल' वगैरेंपुढे, एक खुणेचं अक्षर लावते. उत्तरात ते &, #, चार आणि अर्धविराम असं दिसतं. क्रमांक चारचं हे नियंत्रण-अक्षर एक्सएमएल १.० च्या नियमात बसत नाही. ३२ च्या खालच्यांपैकी फक्त ९, १० आणि १३ चालतात. पायथनचा पार्सर तिथेच थांबतो आणि अवैध अक्षर-क्रमांक असल्याची तक्रार ओळ आणि रकान्यासकट करतो. उपाय सोपा: पार्स करण्याआधी त्या चार चिन्हांच्या जागी काहीच नाही असं रिप्लेस करा. ते काढल्याने हिशेबातलं काही जात नाही.

एवढं झालं की खरं काम सुरू. एका खरेदी-व्हाउचरचा सांगाडा खाली दिलाय. खऱ्या उत्तरात एका व्हाउचरखाली कितीतरी टॅग असतात. मी कामाचे तेवढेच ठेवले. टॅगही देवनागरीत लिहिलेत, कारण एक्सएमएलला ते चालतं. गंमत म्हणजे पायथनलाही चालतं: हा नमुना तसाच फाइलमध्ये ठेवून वाचलात तर आकड्यांसकट वाचला जातो.

<व्हाउचर>
  <डेट>२०२३१२१८</डेट>
  <व्हाउचरटाइपनेम>पर्चेस</व्हाउचरटाइपनेम>
  <इजकॅन्सल्ड>नो</इजकॅन्सल्ड>
  <लेजरएंट्रीज.लिस्ट>
    <लेजरनेम>सूतवाले, जयसिंगपूर</लेजरनेम>
    <अमाउंट>४२०००.००</अमाउंट>
    <बिलअलोकेशन्स.लिस्ट>
      <नेम>१२५</नेम>
      <बिलटाइप>न्यू रेफ</बिलटाइप>
      <अमाउंट>४२०००.००</अमाउंट>
    </बिलअलोकेशन्स.लिस्ट>
  </लेजरएंट्रीज.लिस्ट>
  <लेजरएंट्रीज.लिस्ट>
    <लेजरनेम>सीजीएसटी</लेजरनेम>
    <अमाउंट>-१०००.००</अमाउंट>
    <बिलअलोकेशन्स.लिस्ट>   </बिलअलोकेशन्स.लिस्ट>
  </लेजरएंट्रीज.लिस्ट>
  <लेजरएंट्रीज.लिस्ट>
    <लेजरनेम>एसजीएसटी</लेजरनेम>
    <अमाउंट>-१०००.००</अमाउंट>
  </लेजरएंट्रीज.लिस्ट>
  <ऑलइन्व्हेंटरीएंट्रीज.लिस्ट>
    <स्टॉकआयटमनेम>सुती सूत</स्टॉकआयटमनेम>
    <अमाउंट>-४००००.००</अमाउंट>
    <बॅचअलोकेशन्स.लिस्ट>
      <अमाउंट>-४००००.००</अमाउंट>
    </बॅचअलोकेशन्स.लिस्ट>
    <अकाउंटिंगअलोकेशन्स.लिस्ट>
      <लेजरनेम>सूत खरेदी</लेजरनेम>
      <अमाउंट>-४००००.००</अमाउंट>
    </अकाउंटिंगअलोकेशन्स.लिस्ट>
  </ऑलइन्व्हेंटरीएंट्रीज.लिस्ट>
</व्हाउचर>

चिन्हं आधी नीट समजून घ्या. इथे नावे (डेबिट) रक्कम उणे असते आणि जमा (क्रेडिट) रक्कम अधिक. पार्टीला ४२,००० जमा, म्हणून अधिक. खरेदी आणि कर नावे, म्हणून उणे.

आता 'अमाउंट' किती वेळा आलंय ते बोटाने मोजा. सात वेळा. व्यवहार एकच, ४२,००० चा. पार्टीची रक्कम बिलाच्या पोटात पुन्हा येते. मालाची रक्कम बॅचच्या आणि खरेदी खात्याच्या पोटात पुन्हा येते. सातही रकमांची बेरीज केली तर उणे ३८,००० येते, जिला जगात कुठेच अर्थ नाही.

माझी पहिली चूक इथेच झाली. एलिमेंटट्री ही पायथनची एक्सएमएल वाचायची लायब्ररी. तिच्यात शोधायच्या दोन तऱ्हा आहेत. 'फाइंडऑल'ला नुसतं नाव दिलं तर ते फक्त सख्खी मुलं शोधतं. 'इटर' मात्र पोरं, नातवंडं, पणतवंडं, त्या नावाचं जे कोणी सापडेल ते सगळं गोळा करतं. मी पार्टीच्या ओळीवर 'इटर' लावून 'अमाउंट' जमवल्या. ओळीची एक आणि बिलाची एक. ४२,००० च्या जागी ८४,००० देणं दिसलं, आणि ती यादी मी पेढीवर पाठवूनही दिली. शेठजींचा फोन आला, "ताई, हा जयसिंगपूरवाला एवढं उधार कुणाला देतच नाही." कोड नव्हता कळत त्यांना, पण माणूस कळत होता.

भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, आपल्या गल्लीत संजय किती आहेत?" चार. "मग हाक कशी मारतेस?" दत्तूचा संजय, मास्तरांचा संजय. तेव्हा डोक्यात पक्कं बसलं: टॅगचं नुसतं नाव पुरत नाही, तो कुणाचा आहे ते विचारायचं. आपण फॉर्मवर नावापुढे वडिलांचं नाव लिहितो ना, तसं.

आणखी एक गोष्ट आहे. एलिमेंटट्रीमध्ये मुलाला आपला बाप माहीत नसतो. 'बिलअलोकेशन्स' हातात धरून "तू कुठल्या पार्टीचं?" असं विचारता येत नाही, त्याच्या आत पार्टीचं नाव लिहिलेलंच नसतं. (एलएक्सएमएल नावाच्या दुसऱ्या लायब्ररीत वर चढायची सोय आहे. मला तिची गरज लागली नाही.) म्हणून नेहमी वरून खाली उतरायचं, आणि उतरताना प्रत्येक पायरीवर लागणारं नाव हातात घेऊन पुढे जायचं. माझा कोड असा आहे ('ईटी' म्हणजे एलिमेंटट्री; ती आणि 'डेसिमल' सुरुवातीला इम्पोर्ट करून घ्या. 'मजकूर' म्हणजे झाडून साफ केलेलं उत्तर):

मूळ = ईटी.फ्रॉमस्ट्रिंग(मजकूर)
शिल्लक = {}
फॉर व्हाउचर इन मूळ.इटर("व्हाउचर"):
    इफ व्हाउचर.फाइंडटेक्स्ट("इजकॅन्सल्ड") == "येस":
        कंटिन्यू
    तारीख = व्हाउचर.फाइंडटेक्स्ट("डेट", "")
    फॉर टॅग इन ["लेजरएंट्रीज.लिस्ट", "ऑललेजरएंट्रीज.लिस्ट"]:
        फॉर ओळ इन व्हाउचर.फाइंडऑल(टॅग):
            पार्टी = ओळ.फाइंडटेक्स्ट("लेजरनेम", "").स्ट्रिप()
            फॉर बिल इन ओळ.फाइंडऑल("बिलअलोकेशन्स.लिस्ट"):
                आकडा = बिल.फाइंडटेक्स्ट("अमाउंट", "").स्ट्रिप()
                इफ नॉट आकडा:
                    कंटिन्यू
                नाव = बिल.फाइंडटेक्स्ट("नेम", "").स्ट्रिप()
                चावी = (पार्टी, नाव ऑर "ऑन अकाउंट")
                नोंद = शिल्लक.सेटडिफॉल्ट(चावी, [डेसिमल(0), ""])
                नोंद[0] += डेसिमल(आकडा)
                इफ बिल.फाइंडटेक्स्ट("बिलटाइप") == "न्यू रेफ":
                    नोंद[1] = तारीख

'शिल्लक', 'ओळ', 'चावी' ही नावं मी खऱ्या कोडमध्येही मराठीतच ठेवलीत. पायथन ३ काही म्हणत नाही.

ओळींमागची कारणं सांगते, कारण यातली प्रत्येक ओळ कधीतरी अंगाशी आलीय. सर्वात वर 'इटर' वापरलाय तो चालतो, कारण व्हाउचरच्या पोटात दुसरं व्हाउचर नसतं. बाहेरची पाकिटं ओलांडायला तो बराच. टॅलीचं उत्तर एन्व्हलप, बॉडी, इम्पोर्टडेटा, रिक्वेस्टडेटा, टॅलीमेसेज अशा पायऱ्यांनी व्हाउचरपर्यंत येतं. एक्सपोर्ट मागितलं आणि आत 'इम्पोर्ट' लिहिलेलं आलं की गोंधळायचं कारण नाही. तीच फाइल दुसऱ्या कंपनीत चढवता यावी म्हणून तिला तसा साज असतो.

दोन टॅगांची ती यादी का? खरेदीचं व्हाउचर मालाच्या इनव्हॉइसच्या पद्धतीने टाकलं असेल तर ओळी 'लेजरएंट्रीज'मध्ये येतात. पेमेंट टाकलं की त्या 'ऑललेजरएंट्रीज'मध्ये येतात. मी आधी एकच टॅग वाचत होते. सगळी पेमेंट दिसायची, खरेदी एकही नाही. कागदोपत्री अख्खं गाव आम्हाला पैसे देणं लागत होतं.

'फाइंड' करून पुढे लगेच 'डॉट टेक्स्ट' लावू नका. टॅग नसेल तर 'फाइंड' नन (म्हणजे 'काहीच नाही') देतं, आणि ननला टेक्स्ट नसतं म्हणून कार्यक्रम तिथेच पडतो. 'फाइंडटेक्स्ट'ला दुसरी किंमत म्हणून रिकामी दोरी (स्ट्रिंग, म्हणजे नुसती अवतरणचिन्हं) दिली की तो पडत नाही. टॅलीत हे फार लागतं, कारण ती रिकामे डबेही पाठवते. वरच्या नमुन्यात सीजीएसटीखालचं 'बिलअलोकेशन्स' बघा. डबा आहे, आत नुसती मोकळी जागा. म्हणून मी आधी रक्कम आहे का ते बघते. आणि नाव नाही म्हणून ओळ टाकून देत नाही. 'ऑन अकाउंट' दिलेल्या पैशांना बिलाचं नाव नसतं. ते गाळले तर देणं फुगतं.

चावीत पार्टी आणि बिल दोन्ही हवेत. बिल नंबर १२५ प्रत्येक सूतवाल्याकडे असतो. नुसत्या नंबरावर जुळवलंत तर एकाचं पेमेंट दुसऱ्याच्या बिलाला जाऊन चिकटेल, आणि बेरीज बरोबर आल्याने तुम्हाला कळणारही नाही.

पैशांसाठी 'डेसिमल'च घ्या, 'फ्लोट' नको. फ्लोटमध्ये शून्य व्हायची शिल्लक पैशाच्या कुठल्यातरी अब्जांश भागावर लटकून राहते आणि चुकतं केलेलं बिल यादीत दिसत राहतं. डॉलरमधल्या व्यवहारात मात्र 'अमाउंट'मध्ये डॉलर, दर, बरोबरचं चिन्ह आणि मग रुपये असा सगळा मजकूर एकत्र येतो. तिथे शेवटच्या बरोबरच्या चिन्हापुढचा भाग घ्यायचा आणि रुपयाची खूण काढायची. माझ्या अकरांपैकी एकाच पेढीला हे लागलं.

यादीवर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी तपासते. एक, प्रत्येक व्हाउचरची नावे-जमा शून्य होते का. त्यासाठी फक्त सख्ख्या मुलांच्या रकमा घ्यायच्या: लेजरच्या ओळींची, अधिक मालाच्या ओळींची. वरच्या नमुन्यात ४२,००० वजा १,००० वजा १,००० वजा ४०,०००. शून्य आलं म्हणजे उतरण बरोबर झाली. माल विसरलात तर ४०,००० लोंबकळतील, कारण खरेदीचं खातं लेजरच्या ओळींत नाही, मालाच्या पोटात आहे. दोन, पहिल्या आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख छापून बघते. मागितलेला काळ आणि आलेला काळ एकच आहे ना, हे डोळ्यांनी पाहिलेलं बरं. तात्पुरती 'ऑप्शनल' व्हाउचरं असतील तर रद्द झालेल्यांसारखीच तीही गाळा.

वर्षभराचं डे बुक एका दमात मागू नका. महिना-महिना मागा, प्रत्येक उत्तर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि मग वाचा. कोड बिघडला तरी टॅलीला पुन्हा त्रास द्यावा लागत नाही. रिक्वेस्ट्सला थांबायची मुदतही भरपूर द्या. मी दोन मिनिटं देते.

मग शिल्लक शून्य नसलेल्या चाव्यांपैकी उद्यमच्या यादीत असलेल्या पार्ट्या तेवढ्या काढायच्या आणि ३१ मार्चपर्यंतचे दिवस मोजायचे. १८ डिसेंबरचं ते बिल तेव्हा १०४ दिवसांचं झालं होतं. ही चाळणी आहे, निकाल नव्हे. कायद्यात दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, व्हाउचरच्या तारखेपासून नव्हे, आणि नुसता व्यापारी असलेला पुरवठादार या कलमात येत नाही. म्हणून शेवटचा हात सीएंचा.

यादी सीएसव्हीत लिहिताना पद्धत 'यूटीएफ-८-सिग' द्या. नुसतं यूटीएफ-८ दिलं तर एक्सेल देवनागरी नावं ओळखत नाही आणि शेठजी फोन करून विचारतात की हे कुठल्या भाषेत पाठवलंय. आदल्या वर्षीची बिलं वेगळ्या कंपनीत बंद करून ठेवली असतील, तर ती डे बुकमध्ये येणार नाहीत. ती लेजरच्या मास्टरमध्ये, सुरुवातीच्या शिल्लकेखाली, 'बिलअलोकेशन्स' नावाच्याच डब्यात असतात. डब्याचं नाव तेच, पण बाप दुसरा, आणि रक्कम तिथे 'अमाउंट'मध्ये नसून 'ओपनिंगबॅलन्स'मध्ये असते. त्यासाठी मी दुसरा छोटा लूप लिहिलाय, आणि तो आधी चालवते.